मुलं पास होतात, पण सुरात गात नाहीत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी 27 वर्षांची आहे. गायनात विशारद पूर्ण केलं आणि दोन वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी घरीच क्लास सुरू केला. आज 19 विद्यार्थी आहेत, बहुतेक 8 ते 14 वयाचे. त्यातले दोघं परदेशातून ऑनलाइन शिकतात. आठवड्यातून दोन दिवस एका शाळेतही संगीताचे तास घेते. मुलं परीक्षेला बसतात, पास होतात, पालक खूश असतात. पण निम्मी मुलं सुरात गात नाहीत हे माझं मला कळतं. पेटी बंद केली की ती गडबडतात. माझा स्वतःचा रियाज सुटलाय, संध्याकाळपर्यंत घसा बसतो. पुढे जायचं तर अलंकार (विशारदनंतरची परीक्षा) करू, एम.ए. करू, की क्लास मोठा करू? गुरुजींकडे परत जावंसं वाटतं, पण "दोन वर्षांत गाण्याचं काय केलंस?" असं विचारतील म्हणून धीर होत नाही. कधी कधी वाटतं, मला शिकवताच येत नाही.

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य अलंकार-एम.ए.चं नाही. "पेटी बंद केली की मुलं गडबडतात" हे आहे. कित्येक क्लासमध्ये पेटी कधी बंदच होत नाही, त्यामुळे मास्तरांना हे वर्षानुवर्षं कळत नाही. तुम्ही ती बंद करून पाहिलीत आणि जे ऐकू आलं ते स्वतःपासून लपवलं नाहीत. शिकवता न येणारी व्यक्ती असं पत्र लिहीत नाही.

आता त्या पदव्यांचं. पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात, की गाणं वाढलं की शिकवणं आपोआप वाढेल. अलंकारच्या तयारीने तुमचं गाणं नक्की वाढेल. राग वाढतील, विस्ताराची समज येईल. पण आठ वर्षांच्या मुलीचा भूप रागातला पंचम (प) का लागत नाही, हे अलंकारच्या अभ्यासात कुठेच येत नाही. एम.ए.चा उपयोग मुख्यतः महाविद्यालयात शिकवायचं असेल तर. तिथे एम.ए.नंतर सहसा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षाही लागते. तो रस्ता घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण घरच्या क्लासमधल्या अडचणीवर उपाय म्हणून घेऊ नका.

गाणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखलं गेलंय. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा पुढे संगीत शिकवणारी माणसं तयार व्हावीत म्हणून वेगळा उपदेशक वर्ग चालवला. त्यांचेच शिष्य बी. आर. देवधर. देवधर मास्तरांचं नाव आज मैफलींपेक्षा शिकवण्यासाठी घेतलं जातं. रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गाणारा लहानगा कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकायला आला, आणि पुढे तो कुणाचीही नक्कल न वाटणारं गाणं गायला.

तेव्हा पदवीचा विचार सहा महिने बाजूला ठेवा आणि एक साधी गोष्ट करा. पालकांना सांगून एका बॅचचं फोनवर रेकॉर्डिंग करा. फक्त आवाज, व्हिडिओ नको. दुसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन ऐका आणि तीनच गोष्टी मोजा: किती मिनिटं तुम्ही गायलात, किती मिनिटं सगळे मिळून गायले, आणि प्रत्येक मूल एकटं किती गायलं. तुमची बॅच सहा जणांची आणि तास साठ मिनिटांचा असेल, तर तिसऱ्या रकान्यात बहुधा एकेका मुलासमोर मिनिटभरही दिसणार नाही. मुलं गात असतात, पण तुमच्या आवाजाच्या आणि पेटीच्या आडोशाने. समूहात सगळेच सुरात वाटतात.

पेटीबद्दल एक खुलासा. पेटीचे सूर समान अंतरावर बसवलेले असतात, म्हणून तिचा शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्याच्या खरजातून, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून, ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. हा फरक सुमारे 14 सेंट, म्हणजे पेटीच्या शेजारच्या (काळ्या धरून) दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा साधारण सातवा भाग. कान तयार झाला की तो खटकतो. पण आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत पेटीचा खरा दोष हा नाही. मुलाने जो सूर शोधायचा तो पेटी त्याच्याआधी शोधून देते, हा खरा दोष. मूल सूर लावत नाही, पेटीच्या मागून चालतं. म्हणून पेटी फेकून द्यायची गरज नाही. चाल सांगताना एकदा वाजवा, मग भाता बंद करा आणि मुलाला तंबोऱ्यावर गाऊ द्या. ते गाताना तुम्ही गायचं नाही. पहिले पंधरा दिवस हे तुम्हाला फार जड जाईल, कारण मूल अडखळलं की आपला गळा आपोआप उघडतो. ओठ मिटून बसा.

तंबोरा म्हणजे बहुधा फोनमधलं अ‍ॅप असेल. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खरजाची तार जवळजवळ ऐकूच येत नाही, वरची झणझण तेवढी येते. म्हणून बरा ब्लूटूथ स्पीकर जोडा. तुम्हाला तर तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं मिरज जवळ आहे. सवड होईल तेव्हा खरा तंबोरा घ्या, जवारी (तार झणझणावी म्हणून घोडीला दिलेली घडण) नीट काढून घ्या, आणि दहा वर्षांवरच्या मुलांना तो जुळवायला बसवा. खुंटी पिळून पंचमाची तार षड्जाशी मिळताना मुलाच्या कानाचा जो व्यायाम होतो, तो सरगमचे शंभर पलटे पाठ करून होत नाही. तार तुटेल. तुटू द्या, जास्तीच्या तारा आणून ठेवा.

आता "सुरात गात नाहीत" याकडे. बेसूर हा शब्द आपण पाच-सहा वेगवेगळ्या दुखण्यांना सरसकट लावतो आणि सगळ्यांवर "अजून रियाज कर" हा एकच काढा देतो. इथेच शिकवणाऱ्याचा कान लागतो.

काही मुलांना ऐकलेला सूर आपल्या गळ्यात कुठे आहे हेच सापडलेलं नसतं. तुम्ही सा देता, ते भलतीकडेच काहीतरी गुणगुणतं. त्याला तुमच्या सुरावर ओढू नका, तुम्ही त्याच्या सुरावर जा. ते जे गातंय तेच तुम्ही गा. दोन आवाज एक झाल्याचं त्याला जाणवलं की चेहऱ्यावर कळतं. मग तिथून अर्धा सूर वर, पुन्हा जुळवा. एका कानावर हात ठेवायला सांगा, स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. रोज पाच मिनिटं, बाकी मुलांसमोर नाही.

काही मुलांचा सा पक्का असतो, पण विशिष्ट ठिकाणीच घसरतात. भूपाचंच घ्या, त्यात म आणि नी नाहीत. सा रे ग पर्यंत ठीक, ग वरून प ला जाताना मध्येच म लागतो. याचं कारण सरळ आहे. वर्षभर सा रे ग म घोकलेलं असतं, गळ्याला ग नंतर म चीच सवय. इथे "म वर्ज्य आहे" हे दहादा सांगून काही होत नाही. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाची आहे, ती ऐकवा. मुलाला नुसता प लावू द्या, लांब. मग प वरून ग वर उतरू द्या: प ग, प ग, प ग. उतरताना सहसा चुकत नाही. त्यानंतर ग प. तसंच ध वरून तार सा ला (वरच्या सा ला, सां) जाताना नी लागत असेल तर आधी सां ध, सां ध, मग ध सां. जिथे चढताना चुकतंय, तिथे ते अंतर आधी उतरताना पक्कं करायचं.

तिसरा प्रकार ओळीच्या शेवटी उतरणाऱ्यांचा. इथे कान चांगलाच असतो, श्वास संपलेला असतो. बंदिशीच्या वहीत श्वासाच्या जागी छोटी उभी रेघ मारून द्या आणि त्या जागा बदलू देऊ नका. पंधरवड्यात फरक दिसतो.

आणि चौथा, ज्याचं कारण बहुतेकदा आपणच असतो: पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते. तुमची पट्टी काळी चार असेल म्हणून सगळा क्लास काळी चारात गातो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ती पुष्कळदा खालची पडते. मंद्रात (खालच्या सप्तकात) आवाज नुसती हवा होतो आणि मग मुलं गळा दाबून गातात. तपासायचं असं: मुलाला नुसता "आ" म्हणत एकेक सूर खाली उतरवत न्या. आवाज पोकळ व्हायच्या आधीचा शेवटचा स्वच्छ सूर पाहा. मोठ्या माणसाच्या बाबतीत तो मंद्र पंचम धरून सा ठरवता येतो, लहान मुलाच्या बाबतीत मंद्र धैवत किंवा निषाद धरा. मग वर तार सा आरामात लागतो का पाहा. हनुवटी वर उचलली जात असेल, मानेच्या शिरा दिसत असतील तर पट्टी एक घर खाली. बॅच करताना इयत्ता किंवा परीक्षा न पाहता पट्टी पाहून मुलं एकत्र बसवा. वेळापत्रकाची थोडी ओढाताण होईल, पण मुलं मोकळी गातील.

12 ते 14 वयाच्या मुलग्यांचं वेगळं. आवाज फुटायला लागला की पट्टी महिन्या-महिन्याला खाली जाते आणि मधल्या काळात धड पाच-सहा सूरच हाताशी राहतात. या मुलांना तार सप्तक बंद. त्या सहा सुरांत जे गाता येईल ते गाऊ द्या, आणि वर्षभर ताल, स्वरलेखन, ऐकणं यावर भर द्या. त्या सत्रात परीक्षेचा फॉर्म भरू नका. "याचं गाणं गेलं" असं पालकांसमोर तर चुकूनही म्हणू नका. आवाज बदलतोय हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं नेमकी याच वयात क्लास सोडतात.

तालाचं थोडक्यात. मुलं टाळी देत अख्खी बंदिश म्हणतात, पण मधूनच सुरू करायला सांगितलं तर अडतात. तीनतालातल्या मध्य लयीच्या कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे टाळी नसलेल्या "खाली"वरून उठतात. तुम्ही तोंडाने ठेका म्हणा, मुलाने फक्त मुखडा (बंदिशीची सुरुवात) उचलायचा आणि समेवर (पहिल्या मात्रेवर) येऊन थांबायचं, पाच वेळा. जो पाचही वेळा बिनचूक येतो त्यालाच अंतरा.

हे सगळं साठ मिनिटांत कसं बसवायचं? प्रत्येक मुलाला एकट्याची तीन मिनिटं दिली तर सहा जणांची अठरा मिनिटं होतात, बेचाळीस उरतात. एक गात असताना बाकीच्यांनी हाताने ताल धरायचा आणि सम दाखवायची, म्हणजे कुणी रिकामं बसत नाही. त्यासाठी आठवड्याला एक नवी बंदिश देण्याची सवय मात्र सोडावी लागेल. एक राग तीन महिने चालू द्या. पालक विचारतील, "अजून भूपच?" त्यांना दर चार महिन्यांनी घरीच छोट्या बैठकीला बोलवा. प्रत्येक मूल तीन मिनिटं, तंबोरा आणि तबल्यावर, पेटीशिवाय. आईबापांनी आपलं मूल असं एकटं गाताना ऐकलं की तो प्रश्न कमी होतो. "गॅदरिंगसाठी एखादं गाणं बसवा" हा आग्रह तरीही राहील. तो झिडकारू नका. शिकवत असलेल्या रागातलंच, एका सप्तकात बसणारं भक्तिगीत किंवा भावगीत निवडा. कराओकेचा ट्रॅक असेल तर तो मूळ गायकाच्या पट्टीत असतो हे लक्षात ठेवा. अ‍ॅपवर दोन-तीन घरं वर-खाली करून मुलाच्या पट्टीत आणा. ट्रॅकच्या पट्टीत मूल ताणू नका.

परीक्षेवर माझा राग नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात, आणि गावाकडच्या क्लासला त्यामुळे एक शिस्त लागते. गोंधळ होतो तो दर सत्राला सरसकट सगळ्यांचे फॉर्म भरल्याने. मग वर्षाचे आठ महिने अभ्यासक्रम उरकण्यात जातात. फॉर्म भरायचा की नाही हे मुलागणिक ठरवा. पेटीशिवाय एक राग मोकळेपणाने गाता येतोय का, एवढी अट पुरे.

ऑनलाइन दोघांसाठी एवढंच: आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे बरोबर गाणं अशक्य आहे, तो हट्ट सोडा. तंबोरा त्यांच्या बाजूला लावायला सांगा, तुमच्या बाजूचा नको. झूममध्ये "ओरिजिनल साउंड"ची सोय आहे, ती सुरू करायला लावा. नाहीतर ते तंबोऱ्याला पंख्याची घरघर समजून गाळून टाकतं आणि लांब लावलेला सूर मध्येच गिळतं.

व्यावसायिक वाढ म्हणून जे तुम्ही शोधताय, ते मला विचाराल तर एका दोनशेपानी वहीत आहे. प्रत्येक मुलाला आठ-दहा पानं. तास संपल्यावर त्याच्याबद्दल दोन ओळी, जास्त नाही. अशा असाव्यात:

"12 तारीख. ग-प मध्ये म लागतो. आधी प ग करून घेतलं, तिसऱ्यांदा लागला.
15 तारीख. पुन्हा म. विचारलं तर घरी आई पेटीवर सारेगमपधनी वाजवून म्हणायला लावते. आईशी बोलले. घरी फक्त तंबोरा.
22 तारीख. लागला. आता ध-सां."

दुखणं काय, मला कारण काय वाटलं, मी काय केलं, पुढच्या वेळी काय झालं. तुमचा अंदाज चुकलेला असेल तेही लिहा, तेच जास्त उपयोगी. चार महिन्यांनी 19 मुलांची पानं शेजारी शेजारी ठेवलीत की एकच चूक सात मुलांत दिसेल. ती मुलांची नसते, ती तुमच्या शिकवण्याच्या क्रमात असते.

ही वही घेऊनच गुरुजींकडे जा. "दोन वर्षांत गाण्याचं काय केलंस?" असं विचारतील? विचारू देत. रियाज सुटलाय हे खरं आहे, तसंच सांगा. शिकवणाऱ्या शिष्याचा रियाज सुटणं कुठल्याच गुरूला नवीन नसतं. महिन्यातून दोनदा जा. एक खेप स्वतःच्या गाण्यासाठी. दुसऱ्या खेपेला ते नवशिक्यांना शिकवत असतील तेव्हा मागे बसायची परवानगी मागा. विद्यार्थी म्हणून तुम्ही त्यांचं गाणं ऐकत होतात, आता ते कुठे थांबतात, कुणाला रागावतात, कुणाला मुद्दाम काहीच बोलत नाहीत, ते बघा. अडलेल्या एखाद्या मुलाचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग ऐकवा आणि विचारा, "याचं काय करू?"

स्वतःच्या रियाजाला सकाळची चाळीस मिनिटं काढा, क्लासनंतरची नाही, तेव्हा गळा थकलेला असतो. पंधरा मिनिटं खरज, उरलेला वेळ एकच राग, आणि तो क्लासमध्ये शिकवत नसलेला. भूप शिकवून शिकवून भूप गुळगुळीत होतो आणि आपल्याला वाटतं गाणंच संपलं.

घशाचं हलक्यात घेऊ नका. दिवसभर मुलांच्या आवाजावर आवाज चढवून गाणं हे त्याचं कारण असणार, आणि मुलं गाताना गप्प बसायला लागलात की अर्धं काम होईल. शाळेत चाळीस मुलांच्या वर्गाला ओरडून गप्प करू नका. चार टाळ्यांचा एक तुकडा वाजवा, वर्गाने तो परत वाजवायचा. दोन-तीन तुकड्यांत वर्ग ताळ्यावर येतो आणि तालाचा धडाही होतो. छोटा माइक मिळत असेल तर संकोच न करता वापरा. बसलेल्या घशाने कुजबुजू नका, त्यानेही ताण पडतो, त्यापेक्षा गप्प राहा. आणि घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर काढे-गुळण्या पुरे करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या. क्लास वाढवायचा विचार त्या तपासणीनंतर. तोवर एका दिवसात तीनपेक्षा जास्त बॅच घेऊ नका, आणि दोन बॅचच्या मध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवा. वही त्याच वेळात लिहून होते.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकताना स्वतःचाच आवाज ऐकून कसंसं होईल. किती बोलतो आपण, असं वाटेल. पहिली दहा मिनिटं तशीच जाऊ द्या आणि अकराव्या मिनिटापासून मोजायला घ्या.